नावं ठेवणारा माणूस

सूनबाईने खोक्यातून एअर फ्रायर काढून ओट्यावर ठेवला, तेव्हा दादा स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीत बसून तोंड वाकडं करून बघत होता.

"यात तळतात?"

"हो बाबा. गरम हवेवर. तेल लागतच नाही."

"हवेवर गप्पा तळतात," दादा म्हणाला. "डोनट तेलात तळतात."

मला हसू आलं, पण मी पदराआड लपवलं. सूनबाई बिचारी पगारातून ते यंत्र घेऊन आली होती आणि ह्याचं आपलं सुरू. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. उभा जन्म त्याने डोनट तळण्यात घालवला. बस स्टँडसमोर आमचं छोटंसं दुकान होतं. मागे कढईपाशी तो, पुढे काचेच्या कपाटापाशी मी. गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं काम माझ्याकडे होतं, कारण त्याच्या जिभेला ते वळणच नव्हतं. मी लग्नाच्या भानगडीत पडले नाही. सकाळी दुकान, संध्याकाळी दादाचं घर, यातच माझे केस पांढरे झाले. मग दादाचे पाय थकले आणि आम्ही दुकान बंद केलं. त्यानंतर वहिनी गेली. आता घरात आम्ही चौघं. दादा, मी, दादाचा मुलगा आणि त्याची बायको. भाचा लिफ्ट दुरुस्तीची कामं करतो. मी त्याला लहानपणापासून ठोंब्या म्हणते आणि अजूनही तो ओ देतो.

डोनटचं हे खूळ निघालं ते हौस म्हणून नव्हे. दादाच्या हृदयाची एक झडप कामातून गेली होती. चार पावलं चालला की धाप लागायची. झडप बदलायला हवी होती, पण हॉस्पिटलातल्या सर्जनबाईंनी त्याला वजनकाट्यावर उभं केलं, त्याचा दंड दोन बोटांत धरून पाहिला आणि मान हलवली.

"एवढ्याशा अंगावर मी सुरी चालवणार नाही," त्या म्हणाल्या. "टेबलावरून उठायलासुद्धा ताकद लागते, काका. अंगावर जरा मांस चढवा, मग मी आहेच. प्रोटीन खायला घाला यांना. तळलेलं नको, साखर नको. आणि फार वेळही काढू नका, झडप काही तुमच्यासाठी थांबायची नाही."

म्हणजे सरळ हिशेब होता. दादा खाईल तर ऑपरेशन, ऑपरेशन झालं तर दादा.

आणि दादा खाईना. उकडलेलं अंडं पुढे केलं की मान फिरवायचा. सूप दिलं की "हे भांडी विसळलेलं पाणी कुणी गरम केलं?" म्हणून विचारायचा. दुधात पावडर घालून दिली तर म्हणाला, भिंतीला द्यायचा चुना मला का पाजताय. एक दिवस ठोंब्या कावला. "मग खाणार तरी काय तुम्ही?"

"डोनट," दादा म्हणाला.

आम्ही सगळ्यांनी कपाळावर हात मारला. फक्त सूनबाईने मारला नाही. ती रक्त तपासायच्या लॅबमध्ये काम करते. थेंब थेंब मोजायची सवय तिला, डोकं शांत. दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ती ते खोकं घेऊनच आली. सोबत ओट्सचं पीठ, प्रोटीनची पावडर, पाणी निथळून घट्ट केलेलं दही, अंडी, आणि मधे उंचवटा असलेले रबरासारखे लवचिक साचे. म्हणाली, "आत्या, दहा-बारा मिनिटांत होतात. एकेका डोनटमध्ये दोन अंड्यांएवढं प्रोटीन. बाबा खातीलच."

पहिला घाणा मी डोळ्यांनी पाहिला आहे, म्हणून सांगते. बाहेरून तपकिरी, दिसायला बरा, पण हातात घेतला तर दगड. तोडला तर आत भुसा. सूनबाईने बशीत घालून दादापुढे धरला आणि परीक्षेचा निकाल लागायचा असावा तशी उभी राहिली.

दादाने डोनट उचलला. आधी उजेडाकडे धरून भोकातून पाहिलं. "हे भोक आहे की नाकपुडी?"

"साचाच तसा आहे, बाबा."

"मग साच्याचं नाक काप." त्याने एक तुकडा तोडला, तोंडात टाकला, चावत राहिला. आम्ही वाट बघतोय. "पीठ कधी भिजवलंस?"

"आत्ताच."

"आत्ताच भिजवलं, आत्ताच भाजलं! पिठाला जरा पडू दे की. त्याला पाणी प्यायला वेळ नको?" दुसरा तुकडा. "आणि ही तुझी पावडर किती घातलीस? सगळा डबा?" तिसरा. "मीठ विसरलीस. गोडाला चिमूटभर मीठ लागतं. थांब, अजून काय बिघडलंय ते बघू दे."

बघता बघता बशी रिकामी झाली. नावं ठेवता ठेवता अख्खा डोनट त्याच्या पोटात गेला, आणि इतक्या दिवसांत त्याने एवढं एकदम खाल्लेलं मी पाहिलं नव्हतं. मी ठोंब्याकडे पाहिलं. तो डोळे मोठे करून बशीकडे बघत होता. सूनबाई मात्र खाली मान घालून साचे धुवायला लागली.

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. "अगं, त्याने खाल्लं ना? झालं तर मग."

"एवढं वाईट झालं होतं का आत्या?"

"त्याचं मनावर घेऊ नकोस. तो असाच आहे."

असाच आहे, एवढंच मी म्हटलं. कसा आहे ते नीट बसून सांगायला हवं होतं. ते आता तुम्हाला सांगते.

दादाने दुकानात कधी कुणाचं कौतुक केलं नाही. कारागीर कितीही चांगला घाणा काढू दे, हा कढईपाशी जाणार, एक डोनट मोडणार आणि काहीतरी खोट काढणार. कड जाड झाली, रंग अर्धा पाऊण, आच घाईची. आणि कारागीर दुसऱ्या दिवशी त्याहून चांगला काढायचा. ज्याला दादा रोज बोलायचा तो कारागीर वर्षानुवर्षं टिकायचा. फक्त एकदा एका कारागिराचा घाणा तोडून न बघताच दादा म्हणाला, "छान आहे." मी पुढे खोकी बांधत होते, मला वाटलं, चला, सुधारला बाबा. संध्याकाळी त्याने त्या माणसाचा हिशेब करून त्याला निरोप दिला. मी विचारलं तर म्हणाला, "त्याला सांगून उपयोग नाही. ज्यावर मेहनत घ्यायची नाही, त्याला छान म्हणावं आणि मोकळं व्हावं."

घरातही तेच. वहिनीने केलेला चहा आयुष्यभर त्याने नावं ठेवत प्यायला. कधी उकळला नाही, कधी जास्त उकळला. पण कप उलटा केला तर थेंब पडायचा नाही. आणि वहिनी माहेरी गेली की कुणाच्याच हातचा चहा प्यायचा नाही. वहिनीला ते कळायचं, मला वाटतं. निदान मी तसं धरून चालले होते.

तर डोनटचं सुरू झालं. सूनबाई कामावरून आली की हातपाय धुऊन पीठ भिजवायची. ते पडून असेपर्यंत चहा. मग साच्यात घालून यंत्रात. तिने भोकासाठी वेगळे साचे आणले. पावडर निम्मी केली, अंडं वाढवलं. केळं कुस्करून घातलं तर दादा म्हणाला, "हा डोनट नव्हे, केळ्याचा अपघात आहे." मग सफरचंद शिजवून घातलं. ते त्याला पटलं असावं, कारण त्या दिवशी त्याने फक्त वरच्या रंगाबद्दल कुरकुर केली आणि दुसरा मागितला, "नीट तपासायला" म्हणून.

पुढे पुढे तो खुर्ची सोडून ओट्यापाशी जाऊन उभा राहायला लागला. भिंतीला टेकून, एक हात छातीवर. तेल असतं तर ते बोलतं, असं तो नेहमी सांगायचा. डोनट टाकला की तेल आधी ओरडतं, मग कुजबुजतं, कुजबुज थांबायच्या आत काढायचा. आता यंत्राशी कान लावून म्हणायचा, "हे बोलत नाही बुवा. नुसतं घोरतं." पण चारदोन दिवसांत नाकाने काम सुरू केलं.

"वास फिरला. काढ."

"बाबा, टायमर बाकी आहे अजून."

"टायमर काय डोनट खाणार आहे? काढ म्हणतो ना! आणि त्या भांड्यात ठेवू नकोस, बाहेर घे. गरम भांड्यात तो शिजतच राहतो, मग तुझा भुसा होतो."

तिने काढला. मोडला तर आत ओलसर, लुसलुशीत. मी खाल्ला. खरं सांगते, मला आमच्या दुकानाच्या डोनटची आठवण झाली नाही. ती चव तेलाशिवाय येणं शक्य नाही. पण खाण्यासारखा होता, गरम होता, आणि मी दुसरा घेतला. दादा म्हणाला, "कडेला जरा चिकटलाय," आणि दोन खाल्ले.

तपासणीला गेलो तेव्हा काटा चढलेला होता. सर्जनबाईंनी पुन्हा दंड धरून पाहिला, हसल्या. "काय खायला घालताय हो?"

"डोनट," ठोंब्या म्हणाला. त्यांना वाटलं थट्टा करतोय.

"जे घालताय ते घाला. असंच चाललं तर पुढच्या वेळी तारीख देऊन टाकते," त्या म्हणाल्या. रिक्षातून घरी येताना दादा कडेला बसून सारखा त्या सफरचंदाबद्दल बोलत होता. की ते उकडण्यापेक्षा भाजावं, पाणी कमी सुटेल. सूनबाई ऐकत होती, पण तिचा चेहरा उतरलेला होता. मला ते दिसलं. मी मनात म्हटलं, दमली असेल.

रोज घरी येऊन उभं राहायचं आणि रोज बोलणी खायची. तिच्या जागी मी असते तर साचे डोक्यात घातले असते. तिचं माहेर वेगळं होतं. तिच्या घरी भात गिच्च झाला तरी वा म्हणायची पद्धत. नावं ठेवणं म्हणजे नकोसं होणं, हेच तिला ठाऊक होतं. आणि आम्ही तिघं, दुकानात वाढलेली माणसं, आम्हाला ते सांगायचं सुचलंच नाही. मासा काय पाण्याबद्दल बोलतो!

मग तो दिवस आला. लॅबमध्ये तिच्यावर कुणीतरी ओरडलं होतं, दुसऱ्याच्या चुकीसाठी. डोकं ठणकत होतं तरी तिने पीठ भिजवलं. त्या दिवशी तिने मुद्दाम नवीन काहीतरी केलं होतं. वरून दही आणि कोकोचा पातळ थर. सुंदर दिसत होता. मी मनातल्या मनात म्हटलं, आज तरी दादा काही बोलू नको रे.

दादाने थर बोटाने खरवडला. "वरून रंगरंगोटी केली की आतलं लपतं असं वाटतं का? आज पीठ पडू दिलेलं नाहीस. माझ्या दुकानात हा ट्रे पुढे गेलाच नसता."

सूनबाईच्या डोळ्यांतून पाणी आलं. आवाज न करता ती तशीच उभी राहिली. आणि ठोंब्याचा तोल गेला.

"बाबा, पुरे!" तो इतक्या मोठ्याने ओरडला की मीच दचकले. "दिवसभर राबून येते ती. तुमच्यासाठी करते. एकदा, आयुष्यात एकदा तरी चांगलं म्हणता येत नाही का तुम्हाला? आई गेली, तिलाही कधी चांगलं म्हणाला नाहीत. ती पण वाट बघत बघतच गेली. नसेल म्हणता येत तर निदान गप्प बसा!"

दादाने माझ्याकडे बघितलं. आजवर असं झालं की मी मधे पडून दोघांनाही चार शब्द सुनवायचे आणि विषय संपायचा. पण मलाही सूनबाईचे ते डोळे बघवेनात. मी म्हटलं, "खरंच रे दादा. ती काय तुझ्या दुकानातली कारागीर आहे?"

जीभ झडली असती तर बरं झालं असतं. ठोंब्या ओरडला तो रागाने, तो राग सकाळपर्यंत निवळला असता. माझं वाक्य मात्र शांतपणे म्हटलेलं होतं, आणि दादाने आयुष्यभर माझं शांतपणे म्हटलेलंच ऐकलं आहे.

"बरं," तो म्हणाला. आणि हातातला डोनट बशीत ठेवला.

दुसऱ्या दिवशी सूनबाईने नेहमीप्रमाणे डोनट केले. दादा ओट्यापाशी उठून गेला नाही. खुर्चीतच बसून राहिला, बाहेर रस्त्याकडे बघत. बशी पुढे आली. त्याने डोनट हातात घेतला, भोकातून पाहिलं नाही, तोडला नाही. एक घास घेतला आणि म्हणाला, "छान झालंय, बाळ."

काय आनंद झाला त्या पोरीला! तिने ठोंब्याला कामावर फोन लावला. "ऐका, बाबा छान म्हणाले!" मला मिठी मारली. मीही हसले, काय करणार? पण मला तो कारागीर आठवला, आणि ती संध्याकाळ. मी स्वतःला समजावलं, बाई गं, प्रत्येक गोष्टीत दुकान आणू नकोस. माणूस म्हातारपणी बदलतो. मुलाने बोलून दाखवलं, ते लागलं असेल त्याला, सुधारला असेल. पोरगी हसतेय, तिचं हसू कशाला घालवा.

रोज छान. डोनट काल राहिला तसाच आज, उद्याही तसाच. नावं ठेवणारं कुणी नाही म्हणून सूनबाईनेही तेच माप धरून ठेवलं. कधी अर्धा राहायचा. "छान झालंय, पोट भरलं." कधी बशी रिकामी असायची, तेव्हा मला जरा बरं वाटायचं. मग एक दिवस धुवायला टाकायला त्याचा स्वेटर घेतला आणि खिशात हात घातला. रुमालात गुंडाळलेले डोनटचे तुकडे. वाळून कडक झालेले. दुसऱ्या खिशातही.

तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. दादाला भूक कधीच लागत नव्हती. पहिल्या दिवशीही नव्हती. तो खायचा ते खोट शोधायला. एक घास, अजून काय बिघडलंय ते बघायला दुसरा, खात्री करायला तिसरा. काम म्हणून खायचा तो. आम्ही त्याचं काम काढून घेतलं, आणि नुसतं खायला काही कारण उरलं नाही.

मी रुमाल घेऊन त्याच्यापुढे गेले. "हे काय रे दादा?"

"हळू," तो म्हणाला. "पोरीला कळायला नको. मेहनतीने करते."

तपासणीच्या दिवशी काटा चढण्याऐवजी उतरला होता. पहिल्यापेक्षाही खाली. या वेळी सर्जनबाई हसल्या नाहीत. दादाला बाहेर बसायला सांगून त्या आमच्याशी बोलल्या. "आणखी एक संधी आहे. पुढच्या तपासणीपर्यंत वजन चढलं तर करू. नाही चढलं, तर मग मी ऑपरेशनचा विषय बंद करणार. झडपेची अवस्था बघता नंतर त्यात अर्थ राहणार नाही."

बाहेरच्या बाकावर मी सूनबाईला सगळं सांगितलं. कारागीर, छान, वहिनीचा चहा, रुमाल. ती ऐकत राहिली. तिच्या हातात दादाची फाइल होती, ती तिने छातीशी धरली होती.

"म्हणजे मी रडले नसते तर..."

"नाही गं. तुझी काय चूक? आम्हीच तुला सांगायला हवं होतं."

"मग का नाही सांगितलंत, आत्या?" ती रागावून नाही म्हणाली. तिला खरोखरच जाणून घ्यायचं होतं. तू हसत होतीस म्हणून, असं कसं सांगणार?

त्या संध्याकाळी ठोंब्या बापाच्या पायाशी जमिनीवर बसला. लहानपणीसुद्धा तो असा बसलेला मला आठवत नाही. "बाबा, मी उगाच बोललो. तुम्ही नावं ठेवा. हवी तेवढी ठेवा. तिची काही हरकत नाही, विचारा तिला."

"नाही रे," दादाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला. "बरोबर बोललास तू. तुझी आत्याही बरोबर बोलली. ती काही दुकानातली कारागीर नाही." थोडा दम खाऊन म्हणाला, "तुझ्या आईला मी एकदाही चांगलं म्हणालो नाही. चांगला करायची ती चहा. मला वाटायचं, तिला कळतं. ती गेल्यावर कुणाला विचारू, कळत होतं का? पुन्हा तेच नको करायला."

ठोंब्या बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बराच वेळ उभा राहिला. आम्हाला त्याचा आवाज येऊ नये म्हणून.

सूनबाई हार मानणारी नव्हे. दुसऱ्या दिवशी तिने सुट्टी घेतली. सकाळी मी स्वयंपाकघरात गेले तर ती जुने साचे शोधत होती, ते नाकपुडीवाले. मी विचारलं, काय करतेस? तिने पीठ भिजवलं आणि लगेच साच्यात ओतलं, एक क्षणही पडू दिलं नाही. पावडर दुप्पट. मीठ नाही. सफरचंद नाही. यंत्र घोरायला लागलं, वास फिरला, वास जळका झाला, तरी तिने डोनट काढले नाहीत. टायमर वाजल्यावर पुन्हा लावला. मग यंत्र बंद करून भांड्यातच ठेवून दिले, गरम भांड्यात, अजून शिजायला.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. दादाने पहिल्या दिवसापासून जी जी नावं ठेवली होती ती सगळी तिला पाठ होती, आणि ती सगळी तिने त्या एका घाण्यात घातली होती. मला हसूही आलं आणि रडूही. मनात म्हटलं, आता कसा गप्प बसतोस ते बघते, दादा. असा डोनट बघून तर मेलेला हलवाईसुद्धा उठून बसेल.

तिने बशी त्याच्या हातात दिली. "बाबा, आज जरा घाईत केलेत. कसे झालेत बघा ना."

दादाने डोनट उचलला. काळा पडलेला, एका अंगाला फुटलेला, भोक जवळपास बुजलेलं. त्याचा अंगठा त्या भोकाशी गेला आणि तिथे थांबला. त्याच्या ओठांची ती ओळखीची हालचाल मला दिसली, तोंड वाकडं व्हायला लागलं होतं. पण त्याने वर सूनबाईकडे पाहिलं आणि तोंड सरळ केलं. घास तोडायला दोन्ही हात लागले. तो चावत राहिला, कितीतरी वेळ. घशाखाली जाईना तेव्हा पाणी प्यायला.

"छान झालंय," तो म्हणाला.

"बाबा, करपलंय ना?" सूनबाई पुढे वाकली. "कोरडं झालंय. भोक बघा ना, बाबा. बोला ना काहीतरी!"

"कुठे करपलंय? छान खरपूस झालंय," तो म्हणाला आणि हसून दुसरा घास तोडायला लागला. ती तशीच वळून आत गेली, आणि ओट्याशी उभी राहिली. तिची पाठ मला दिसत होती.

मग मात्र मला राहवलं नाही. मी त्याच्या बशीतला तुकडा उचलून तोंडात टाकला आणि तिथेच थुंकला. "काय छान रे, दादा? काय छान? लाकूड आहे नुसतं! कोळसा आहे! तुझ्या दुकानात हा कुत्र्यापुढेसुद्धा टाकला नसतास तू. बोल की! बोल, तुझ्या पाया पडते!"

दादाने घाईघाईने दाराकडे बघितलं, मग माझा हात धरून मला खाली, स्वतःजवळ ओढलं.

"हळू बोल गं," तो म्हणाला. "पोरीला वाईट वाटेल."